समाजशास्त्राच्या मॅडमचा सत्कार करायचाय? आधी त्यांच्या पोरींच्या वह्या मागवा

तालुक्याच्या ठिकाणी माझं सेतू केंद्र आहे. झेरॉक्स, स्कॅन, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, ॲडमिशनचे फॉर्म, सगळंच. यवतमाळ जिल्ह्यातला वणी-पांढरकवड्याकडचा पट्टा, कापसाचा अन् कोळशाचा. दरवर्षी पीक विम्याची गर्दी सुरू असते आणि त्यातच दोनचार मास्तर लोक पिशवीत जाडजूड फाईल घेऊन येतात, "भाऊ, आदर्श शिक्षकचा प्रस्ताव आहे, उद्या लास्ट डेट आहे", अन् मग मी रात्री दहापर्यंत स्कॅन करत बसतो. त्यामुळे पुरस्काराच्या फाईली मी जितक्या पाहिल्या तितक्या त्या देणाऱ्यांनीही पाहिल्या नसतील.

काही वर्षांपूर्वी एक फाईल आली ती माझ्याच बीएच्या समाजशास्त्राच्या मॅडमची होती. मॅडम स्वतः तयार नव्हत्या, माझ्या एका वर्गमैत्रिणीने मागे लागून केली होती. १४२ पानं. वेबिनारची सर्टिफिकेटं, वृक्षारोपणाचे फोटो, रक्तदानाचं प्रशस्तिपत्र, पेपरातली कात्रणं, मतदार जागृती रॅली. स्कॅन करता करता मी मैत्रिणीला म्हटलं, अवं, मॅडम शिकवतात कशा त्याचं पान कुठं आहे? तिने फाईल दोनदा चाळली. नव्हतंच. आणि ती फाईल परत आली ती वेगळ्याच कारणाने, "नियमित नियुक्ती आदेश जोडलेला नाही". कुठून जोडणार, मॅडम सोळा वर्षांपासून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, अन् उन्हाळ्यात काहीच नाही.

त्यानंतर आम्ही जुन्या पोरापोरींनी मिळून तालुक्यापुरता आपला आपण सन्मान सुरू केला, फक्त समाजशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी. दोनदा झाला. काय केलं, कुठं फसलो, ते क्रमाने लिहून राहिलो, म्हणजे तुमच्या गावात कोणाला करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

समाजशास्त्रच वेगळं का काढायचं

आमच्या इकडे आर्ट्सला समाजशास्त्र घेतात ते सोपा विषय म्हणून. पेपर मराठीत, परीक्षेआधी दुकानातून गाईड आणलं की काम झालं. हजेरीपटावर ऐंशी नावं, वर्गात पंधरा, कापूस वेचणीच्या दिवसांत सात. बस चुकली की तास चुकला. अशा वर्गात गणिताचा किंवा इंग्रजीचा मास्तर चांगला असेल तर निकालात दिसतो. समाजशास्त्राचं तसं नाही, गाईड पाठ करूनही पास होता येतं आणि मास्तर कितीही चांगला असला तरी मार्कात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पोरगी घरी गेल्यावर काय पाहते त्यात, आणि ते कोणत्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही.

सरकारी मोजमाप पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रमोशनसाठी शिकवण्याचं मोजमाप आहे ते असं, नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर चांगलं, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास घेतले का एवढंच त्यात कळतं. तासात काय झालं ते तुम्हालाच शोधावं लागेल.

पहिलं काम: नेमका कशाचा सन्मान करायचा ते ठरवा

हे ठरवल्याशिवाय वर्गणी गोळा करू नका, आम्ही केली होती अन् पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण झालं. एक म्हणे रिटायर होणाऱ्या सरांना द्या, दुसरा म्हणे नवीन मॅडमनी बाजाराचा सर्वे केला त्याला द्या, तिसरा म्हणे आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटला द्या. तिघंही बरोबर होते, पण तीन वेगळ्या गोष्टी बोलून राहिले होते.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञांची जुनी संघटना आहे, अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशन, १९०५ ची. तिचा अध्यापनातल्या विशेष योगदानासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे, संशोधनाचा वेगळा आणि शिकवण्याचा वेगळा. त्यात आयुष्यभराचं काम चालतं, किंवा एखादंच नेमकं काम, म्हणजे नवा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, शिकवण्याची एखादी पद्धत, तेही चालतं. आणि तो माणसालाच मिळतो असं नाही, विभागाला किंवा गटालाही मिळू शकतो. ते कागद पाहिल्यावर आमचं भांडण मिटलं, एका वर्षी एकच प्रकार घ्यायचा असं ठरलं. पहिल्या वर्षी "एक नेमकं काम" घेतलं कारण ते तपासायला सोपं. नवीन असाल तर तुम्हीही तिथूनच सुरू करा. आयुष्यभराचं काम म्हटलं की माणूस हळवा होतो अन् तपासणं बाजूला राहतं.

अकरावी-बारावीच्या शिक्षकांना बाहेर ठेवू नका. सीनियर कॉलेजवाले जरा नाक मुरडतात, मुरडू द्या. समाजशास्त्राशी पहिली गाठ बहुतेक पोरींची तिथेच पडते. आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा: सीएचबी, कंत्राटी, विनाअनुदानित सगळे पात्र. शेवटी बारीक अक्षरात नको. सीएचबीवाला माणूस पहिल्या ओळीत आपलं नाव नसेल तर पुढचं वाचतच नाही, सवयच झाली आहे त्याला.

निवडणारे कोण

पाच जण पुरे. आमच्यात एक दुसऱ्या तालुक्यातले रिटायर समाजशास्त्राचे सर, एक इतिहासाच्या मॅडम, एक माजी विद्यार्थी, एक चालू तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आणि एक बाई अशा गावातल्या जिथं कॉलेजची पोरं सर्वेला जातात. ही शेवटची जागा काही केल्या सोडू नका. सर्वेला आलेल्या पोरांनी ओसरीवर बसून कसं विचारलं, चहा घेतला की नाक दाबून बसले, परत कधी आले का, हे तिलाच माहीत असतं. आमच्या बाईंनी एका मोठ्या नावावर एका वाक्यात पाणी फिरवलं, "ते सर गाडीतून उतरलेच नाई, पोट्ट्यायले पाठोलं फक्त."

प्राचार्य आणि संस्थाचालक यांना कमिटीत घेऊ नका. त्यांना कार्यक्रमाला बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, पण यादी त्यांच्या हातात दिली की संपलं.

आता जातीचं. समाजशास्त्राचा पुरस्कार आहे तर हे तोंडाने बोलूनच घ्या. आमच्या इकडे कोणताही पुरस्कार जाहीर झाला की पानठेल्यावर पहिला प्रश्न असतो, "कोनाचा हाय?" म्हणजे कोणत्या समाजाचा. आम्ही पहिल्या बैठकीत कागदावर लिहिलं की ज्या नावाशी माझं नातं आहे, जो माझ्या संस्थेत आहे किंवा ज्याने मला नोकरी लावून दिली, त्या नावाच्या चर्चेच्या वेळी मी बाहेर जाऊन चहा पिणार. आणि खरंच गेले लोक. इतिहासाच्या मॅडम तर दोनदा गेल्या. याने संशय पूर्ण जातो असं नाही, पण "आपल्यावाला" हा शब्द मग निदान बैठकीत तरी कोणी काढत नाही.

नावं मागवणं

एक पानाचा फॉर्म, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवता येईल असा. गूगल फॉर्म आम्ही केला होता पण गावातल्या पोरींचे फोन भावाकडे असतात, नेट रात्रीच मिळतं, त्यामुळे कागद ठेवलेला बरा. माझ्या दुकानात एक डबा ठेवला, बाजाराच्या दिवशी तो भरायचा.

शिक्षकाने स्वतःचं नाव स्वतः पाठवायचं नाही हा आमचा नियम. राष्ट्रीय पातळीवर पद्धत वेगळी आहे, तिथं शिक्षकाला स्वतः पोर्टलवर अर्ज करता येतो, पण तालुक्यात स्वतः अर्ज म्हटलं की जो धीट तोच येतो. आमच्या मॅडमसारखी माणसं कधीच आली नसती.

फॉर्मवर शिक्षकाचं नाव, कॉलेज, कोणत्या वर्षी शिकलात, आणि खाली एकच प्रश्न: यांनी शिकवलेल्या कोणत्या एका कामासाठी तुम्ही नाव देता? "खूप छान शिकवतात" असं लिहिलेले फॉर्म बाजूला ठेवायचे, फेकायचे नाहीत, फोन करून विचारायचं की म्हणजे काय करतात. निम्म्या वेळा फोनवर भलतंच चांगलं काहीतरी निघतं जे लिहिता आलेलं नसतं.

पुरावा गोळा करणं (इथं घाई करू नका)

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि गेलाच पाहिजे. आम्ही दोन महिने ठेवले होते, तरी कमी पडले.

सुरुवात वह्यांपासून करा. शिक्षकाची टाचणवही नाही, ती नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या तपासणीसाठी लिहिलेली असते. पोरांच्या वह्या, असाइनमेंट, प्रोजेक्ट. जुन्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, पण बहुतेक रद्दीत गेलेल्या असतात, म्हणून ज्या पोरी वही जपून ठेवतात त्यांना आधी गाठा. लग्न होऊन गेली असेल तर माहेरी पेटीत सापडते.

एक वही सांगतो. आठवडी बाजाराचा नकाशा, अर्ध्या पानावर निळ्या पेनाने काढलेला, खाडाखोड केलेला. ओट्यावर कोण बसतं, खाली जमिनीवर कोण, बांगडीवाल्या कुठं, कांदे-आलू कुठं, सुकी मच्छी नालीच्या काठाला, चप्पल शिवणारा पार गेटच्या बाहेर. बाजूला बाण काढून लिहिलं होतं की बाजारठेक्याची पावती कोणाकडून किती घेतली. शेवटी पोरीने लिहिलं, "माझी मावशी भाजी घेऊन बसते तिथे ओटा नाही. हे मी या आधी पाहिले नव्हते." त्याच्याखाली मॅडमच्या लाल पेनाने बरोबरची खूण नव्हती, मार्कही नव्हते. लिहिलं होतं: "ओट्यावर बसायचं असेल तर कोणाला सांगावं लागतं, मावशीला विचार. आणि मावशी स्वतः काय म्हणते तेही लिही." पुढच्या पानावर मावशीचं उत्तर होतं, दीड पान.

सामाजिक स्तरीकरण, म्हणजे समाजात वरच्या-खालच्या पायऱ्या कशा पडतात, हा धडा सगळेच शिकवतात. बहुतेक वर्गात तो "स्तरीकरणाची वैशिष्ट्ये, मुद्दे सहा" असा शिकवला जातो. ती लाल पेनाची एक ओळ आमच्या कमिटीसाठी १४२ पानांच्या फाईलपेक्षा जड ठरली. वह्या पाहताना हेच शोधा, शिक्षकाने पोराच्या उत्तरावर काय परत विचारलं. नुसती सही असेल तर तेही कळतं.

मग पत्रं. माजी विद्यार्थ्यांना "मॅडमबद्दल दोन शब्द लिहा" असं कधीही सांगू नका. दोन शब्द म्हटलं की लोक मातृतुल्य, ज्ञानसागर, दीपस्तंभ सुरू करतात, पहिल्या वर्षी माझ्याकडे अशी एकवीस पत्रं आली, नाव बदललं तर कोणत्याही माणसाला लागू पडतील. दुसऱ्या वर्षी तीन प्रश्न दिले. तासातली कोणती गोष्ट तुम्ही घरी जाऊन कोणाला सांगितली, आणि ते काय म्हणाले? त्यानंतर कशाकडं वेगळं पाहायला लागलात? आणि काय पटलं नाही? तिसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो पण त्यानेच पत्र खरं होतं. एकीने लिहिलं की सरांनी कुटुंबाचा धडा शिकवल्यावर तिने घरी आईला विचारलं, शेतात तूच राबते तर सातबाऱ्यावर तुझं नाव काहून नाही. आई म्हणाली, "तुह्या सरले सांग, माह्या बापाच्याई सातबाऱ्यावर नोतं." अन् तिसऱ्या प्रश्नाला तिने लिहिलं, सर हे सगळं शिकवतात पण वर्गात प्रश्न पोरांनाच जास्त विचारतात. हे पत्र आम्ही सरांना नंतर दाखवलं, नाव झाकून. सर हसले नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वर्गात बसणं. एकदा सांगून जा, एकदा न सांगता, पण दोन्हीसाठी परवानगी आधी घेऊन ठेवा. मागच्या बाकावर बसा आणि कोण बोलतं ते मोजा, घड्याळ लावून. पन्नास मिनिटांत पोरं किती मिनिटं बोलली, त्यात पोरी किती, मागच्या बाकावरचे किती. खेडेगावच्या वर्गात पोरीने तोंड उघडणं हीच मोठी गोष्ट असते, आणि काही शिक्षकांना ती जमते अन् काहींना वीस वर्षांत जमत नाही.

नाजूक विषय कसा शिकवतात तेही जरूर पाहा, आमच्या भागात तर सगळ्यात आधी हेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा आत्महत्येचा अभ्यास बीएला असतो, १८९७ चं पुस्तक, त्याने युरोपातले सरकारी आकडे घेऊन दाखवलं की आत्महत्या ही नुसती एकट्या माणसाची गोष्ट नसते, त्यामागे समाजाशी असलेला धागा सैल होणं किंवा फार आवळणं असतं. पुण्या-मुंबईच्या वर्गात हा एक सिद्धांत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाच्या सामूहिक आत्महत्येची १९ मार्च १९८६ ची गोष्ट इथल्या पोरापोरांना माहीत आहे, दरवर्षी त्या दिवशी लोक उपास धरतात, आणि वर्गात एखाददुसरं पोरगं असं असतंच ज्याच्या घरी हे झालेलं आहे. तिथं "आत्महत्येचे प्रकार चार, लिहून घ्या" असं कसं म्हणणार?

मॅडमनी काय केलं ते आम्हाला चार वेगवेगळ्या बॅचच्या पोरांनी सारखंच सांगितलं. तासाच्या आधल्या दिवशी ज्यांच्या घरी असं झालं त्यांना एकेकटं गाठून सांगायचं की उद्या हा विषय आहे, नाही आलात तरी हजेरी लागेल, आलात तर बोलायची सक्ती नाही. अन् तासात कोणी मेलं का, कसं मेलं, यावर एक शब्द नाही. प्रश्न असा घ्यायचा की ही नोंद कोण करतं. शेतकरी आत्महत्येची प्रकरणं तालुका-जिल्ह्याच्या समितीपुढे जातात, पात्र किंवा अपात्र असा शेरा पडतो, पात्र झालं तर कुटुंबाला एक लाखाची मदत. मग ज्या बाईच्या नावावर जमीनच नाही ती शेतात राबून मेली तर ती कोणत्या रकान्यात? शेतकरी की गृहिणी? आणि दुर्खीमने जे आकडे वापरले ते आकडेही कोणीतरी असंच टेबलावर बसून भरले असतील ना? दुर्खीमवर पुढच्या समाजशास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला आहे, की सरकारी आकडा हाच मुळी समाजाने घडवलेला असतो. ते पोरांना आधी तहसीलच्या दाराशी कळलं, पुस्तकात नंतर. असा तास कोण घेतं हे तुम्हाला कोणत्याच सर्टिफिकेटात सापडणार नाही.

शेवटी जिथं पोरं सर्वेला गेली त्या गावात जाऊन या. आमच्याकडे कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, जायची फॅशन आहे, कोलाम ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड, त्यामुळे प्रोजेक्टला वजन येतं म्हणून सगळे तिकडे धावतात. पोडावर विचारा, कॉलेजची पोरं काय देऊन गेली? फोटो काढून गेले असं ऐकलं तर समजून जा. एका पोडावर मात्र म्हातारीने सांगितलं की एका सरांनी पोरांनी लिहिलेलं सगळं परत येऊन वाचून दाखवलं, चुकलं तिथं आम्ही सांगितलं, त्यांनी खोडलं. दुसऱ्या वर्षीचा सन्मान त्या सरांना गेला. त्यांच्या विरुद्ध ज्यांचं नाव होतं त्यांचे विद्यार्थी मेरिटमध्ये होते, नेट-सेट म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेले होते, अन् कमिटीत दोन तास वाद झाला. माझं मत तेव्हाही होतं अन् आताही आहे की नेट-सेटसाठी कोचिंग क्लासचा वेगळा पुरस्कार काढावा.

पत्रं अन् वह्या वापरताना ज्याची आहे त्याला विचारा. घरच्या गोष्टी असतात त्यात. नावं झाका, गावाचं नाव झाका. तालुका छोटा असतो, "एका गावातील एका विद्यार्थिनीची मावशी" म्हटलं तरी लोक ओळखतात.

ठरवणं

मार्क देऊ नका. आम्ही पहिल्यांदा एक्सेल शीट केली, सात मुद्दे, प्रत्येकी दहा मार्क, शेवटी सगळ्यांना ५४ ते ५८ मिळाले. मग शीट बंद केली आणि प्रत्येकाने मोठ्याने वाचून दाखवलं की मला या फाईलमधलं कोणतं पान लक्षात राहिलं. पाचपैकी चौघांना तेच पान आठवलं, लाल पेनाचं. एकमत नाही झालं तर मत घ्या, पण कारण लिहून ठेवा. ज्यांना नाही मिळालं त्यांनाही दोन ओळींचं पत्र पाठवा की तुमचं हे काम आम्ही पाहिलं. हे आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि एक सर वर्षभर माझ्या दुकानात आले नाहीत.

मानपत्र

मानपत्र फ्लेक्सवाल्याला लिहायला सांगू नका, त्याच्याकडे तयार मजकूर असतो, "ज्ञानदानाचे पवित्र कार्य अविरतपणे करून समाजापुढे आदर्श निर्माण केला", तोच तो लग्नाच्या वाढदिवसालाही थोडा फिरवून वापरतो. मानपत्रात काम लिहा. आमचं असं होतं:

"आपण २०१० पासून बीएच्या मुलामुलींना आठवडी बाजारात उभं केलं, कोण कुठं बसतं ते पाहायला लावलं, आणि त्यांनी लिहिलेल्या उत्तरांवर पुन्हा प्रश्न विचारले. त्यातल्या ३७ वह्या आम्ही वाचल्या. त्यासाठी हा सन्मान."

एवढंच. मॅडमनी ते घरी भिंतीवर लावलं आहे, त्याच्याशेजारी गॅसचं कॅलेंडर आहे.

तारीख, पैसा, कार्यक्रम

५ सप्टेंबर टाळा. त्या दिवशी सगळीकडे सत्कार असतात, हॉल मिळत नाही, फवारणीचे दिवस असतात आणि बरेचदा पोळाही जवळच असतो. आम्ही ३ जानेवारी धरली, सावित्रीबाईंची जयंती. तोपर्यंत पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस विकला गेलेला असतो, लोकांच्या खिशात जरा पैसा असतो, वर्गणी मागायला लाज वाटत नाही. फक्त एनएसएसचं शिबिर कधी आहे ते आधी विचारून घ्या नाहीतर पोरं सगळी तिकडे.

पाहुणा म्हणून पुढारी बोलावू नका. आम्ही बोलावला. दीड तास उशिरा आले, पन्नास मिनिटं बोलले, त्यात समाजशास्त्र नव्हतं, सिंचन होतं, अन् मॅडमना शेवटी चार मिनिटं मिळाली कारण मांडववाल्याला खुर्च्या दुसरीकडे न्यायच्या होत्या. दुसऱ्या वर्षी पाहुणाच नाही ठेवला. सरांनी तिथंच मंडपात वीस मिनिटांचा तास घेतला, समोर बसलेल्या पालकांना प्रश्न विचारले, तुमच्या गावात पाण्याच्या टाकीचा वॉल कोण सोडतं अन् कोणत्या गल्लीपासून, आणि असा गोंगाट झाला की माइक बंद पडला तरी कोणाला कळलं नाही.

शाल-श्रीफळ द्या, त्याशिवाय घरच्यांना सत्कार झाला असं वाटत नाही. पण मोमेंटोवर पैसे घालू नका, काचेचे ते चौकोनी ठोकळे शिक्षकांच्या घरी शोकेसमध्ये मावत नाहीत. ते पैसे पुढच्या वर्षीच्या क्षेत्रभेटीसाठी द्या. समाजशास्त्राला प्रयोगशाळा नसते, तिची प्रयोगशाळा म्हणजे एसटीचं तिकीट, अन् ते तिकीट पोरांकडून मागायला शिक्षकाला जड जातं, सीएचबीवाला तर स्वतःच्या खिशातून भरतो.

याच फाईलीतून मोठ्या पुरस्काराचा प्रस्ताव

आता माझ्या धंद्यातलं. तालुक्याचं झालं की फाईल तिथंच मारू नका. अमरावती, नागपूर, गोंडवाना, आपापल्या विद्यापीठाचं शिक्षक पुरस्काराचं परिपत्रक येतं, कॉलेजच्या बाबूला सांगून ठेवा की आलं की फोटो पाठव, नाहीतर ते नोटीस बोर्डावर मुदत संपल्यावर लागतं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार पूर्वी शाळेच्या शिक्षकांपुरता होता, २०२३ पासून कॉलेज-विद्यापीठाच्या शिक्षकांसाठीही सुरू झाला. पात्रतेची अट आधी वाचा, नियमित नोकरीची अट असेल तर सीएचबीवाल्याचा वेळ अन् आशा दोन्ही वाया घालवू नका, तिथं डिपार्टमेंटच्या नावाने किंवा एखाद्या परिषदेत काम मांडून दुसरा रस्ता काढता येतो. मराठी समाजशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात बाजाराच्या वह्यांवर पेपर वाचता येतो, त्यासाठी नियुक्ती आदेश लागत नाही.

सीएचबीच्या लोकांनी दरवर्षीचा नेमणुकीचा कागद आणि अनुभव प्रमाणपत्र त्याच वर्षी प्राचार्यांकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावं. सोळा वर्षांनी मागायला गेलं की चार प्राचार्य बदललेले असतात, जुने रजिस्टर उधईने खाल्लेले असतात. हे मी रोज पाहतो.

फाईल लावताना शिकवण्याचं पान पहिलं, सर्टिफिकेटं शेवटी. वही स्कॅन करताना रंगीत करा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल पेन दिसत नाही अन् मग सगळी गंमतच जाते. पानं सरळ ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा, मग पोर्टलची जी मर्यादा असेल तितकी पीडीएफ लहान करा, मोबाइलवरून काढलेले वाकडे फोटो जोडू नका. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमध्ये केलेलं पोर्टलवर कचऱ्यासारखं दिसतं. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, त्या दिवशी सर्व्हर बसतो आणि त्याच दिवशी आमच्याकडची लाइटही जाते.

मॅडम अजून सीएचबीवरच आहेत. सन्मानाच्या पैशातून त्यांनी पोरांना गडचिरोलीत मेंढा-लेखाला नेलं, सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव, ग्रामसभा कशी चालते ते पाहायला. परत आल्यावर बावीस वह्या माझ्याकडे स्पायरल बाइंडिंगला आल्या. एकीची वही मी उघडून पाहिली, पहिल्या पानावर ग्रामसभेत कोण कुठं बसलं त्याचा नकाशा होता अन् कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलेलं, "बाया कुठं बसल्या ते दाखवलं नाहीस."